गाडीची नाडीपरीक्षा

गेल्या आषाढातील एका पहाटे आमच्या वडीलबंधूंच्या छातीत कळ आली. घरची गाडी दारातच उभी होती. पुतण्याने किल्ली फिरविली, तो आतून नुसते ‘टक्-टक्-टक्-टक्’ ऐकू आले आणि पुढचे दिवे मंदावले. दहा मिनिटे ह्या खटपटीत गेली. अखेर शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली. वडीलबंधू सुखरूप घरी परतले, ही ईश्वराची कृपा. परंतु अशा प्रसंगी गाडीशी झटत न बसता १०८ ह्या क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी, हे घरातील एकाही सुशिक्षित माणसास सुचू नये, ह्याची खंत आम्हांस अद्यापि वाटते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने नवी बॅटरी आणून बसविली. सायंकाळी पुन्हा तेच टक्-टक्! आजाराचे निदान होण्यापूर्वीच औषध दिले, तर ह्याहून निराळे काय व्हावयाचे? म्हणून ह्या आवाजाचा अर्थ वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इंजिन आपण होऊन कधीच सुरू होत नाही. त्यास आरंभी कोणीतरी फिरवून द्यावे लागते. पूर्वी हे काम हाताने हँडल मारून होत असे. चार्ल्स केटरिंग ह्यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, आणि हँडलचा जाच हळूहळू संपला. हाच आपला ‘सेल्फ’. किल्ली फिरविली म्हणजे थोडासा प्रवाह सोलेनॉइड नावाच्या वेटोळ्यात जातो. ते चुंबक बनून आतील दांडा ओढते. त्यायोगे लहान दातेरी चक्र इंजिनाच्या मोठ्या चक्रास जाऊन भिडते आणि सेल्फच्या मोटरीकडे मोठा प्रवाह सुटतो. ‘टक्’ हा ह्या दांड्याचा आवाज होय.

आता बॅटरी उतरलेली असेल, तर दांडा ओढण्यापुरते बळ तिच्यात असते. परंतु मोटरीने शंभर-दीडशे अँपिअर मागताच तिचा दाब कोसळतो, चुंबक सुटते आणि दांडा मागे येतो. भार उतरताच दाब सावरतो व दांडा पुन्हा ओढला जातो. भराभर होणारी टक्-टक् ती हीच.

तेव्हा प्रथम आवाज ऐकावा आणि त्याच वेळी दिव्यांकडे पाहावे. टक्-टक् भराभर होऊन दिवे मंदावत असतील, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या जोडण्यांचा. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन दिवे तेजस्वी राहत असतील, तर बहुधा सोलेनॉइडचे स्पर्शबिंदू झिजलेले असतात किंवा सेल्फची मोटरच बिघडलेली असते; हे काम फिटरचे. आवाजच नसेल, तर क्लच पूर्ण दाबला आहे ना, आपोआप गियर बदलणारी गाडी असल्यास दांडी ‘पार्क’मध्ये आहे ना, हे आधी पाहावे, मग फ्यूज व किल्लीचा स्विच.

बॅटरीची परीक्षा साध्या व्होल्टमीटरने होते. काही तास स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले, तर ती भरलेली, १२.२ च्या सुमारास अर्धी. १२ च्या खाली गेली, तर जवळजवळ रिती समजावी. गाडी सुरू असता बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावयास हवेत. ते न दिसल्यास बॅटरी भरणारा अल्टरनेटर काम करीत नाही, आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

आमच्या गाडीत नव्या बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट होते, तरीही टक्-टक्! गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वृद्ध फिटरने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूस लावून किल्ली फिरवावयास सांगितली. तेथे जेमतेम पाव व्होल्ट दिसावा, तो दोन व्होल्टांहून अधिक दिसला. ऋण तार गाडीच्या सांगाड्यास जेथे आवळलेली असते, तेथे पावसाळ्याच्या ओलीने गंज धरला होता. फिटरने ती जागा पॉलिशपेपरने घासून बोल्ट आवळला, आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झाले. “काका, जुनी बॅटरीही चांगलीच होती हो,” एवढेच तो म्हणाला.

टर्मिनलांवर साचणारा पांढरट-हिरवट खार घरीही काढता येतो. गाडी बंद करून आधी ऋण तार सोडवावी, मग धन. बसविताना क्रम उलटा ठेवावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशाने घासावे, कोरडे पुसून तारा घट्ट आवळाव्या. बॅटरीतील आम्ल त्वचा व डोळे जाळते आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. म्हणून हातमोजे व चष्मा घालावा आणि जवळ विडी, काडी येऊ देऊ नये. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करावयाचे झाल्यास धनास धन जोडावे. ऋण तारेचे शेवटचे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीस न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस लावावे.

आता घरातली गोष्ट. आमच्या घरी गाडी पाच जण चालवितात; बॉनेट मात्र कोणीच उघडीत नसे. सर्वांची वस्तू ती कोणाचीच नव्हे, हा एकत्र कुटुंबातील जुना रोग आहे. त्यावर आम्ही उपाय केला तो असा : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टर्मिनले व तारा पाहण्याचे काम धाकट्या सूनबाईंनी आपणहून पत्करले आहे, आणि १०८ हा क्रमांक दाराशेजारच्या भिंतीवर ठळक लिहिला आहे. वडीलबंधू जाता-येता तो वाचतात आणि हसतात. त्यांनी असेच हसत राहावे.