घाई कुणाची, गैरसोय कुणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचा नित्याचा आधार काढून घेतला आणि निवृत्त मास्तरांचे पेन्शन, मुलांचा अभ्यास व परदेशी असलेल्या लेकीशी बोलणे ज्या एका यंत्रावर चालते, अशा गोव्यातील कितीतरी घरांत एक नवी विवंचना येऊन बसली. दुकानदार सांगतो, यंत्रच नवे घ्या. शेजारचा कॉलेजकुमार सांगतो, काही होत नाही, चालू द्या. या दोहोंपैकी एकाचेही म्हणणे आम्हांस मान्य नाही.

आधार गेला म्हणून संगणक बंद पडत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. बंद होतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. त्यांचे मोल काय, ते मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगाला दाखवून दिले. ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांचे व्यवहार त्याने विस्कळीत केले. त्यात सापडलेले बहुसंख्य संगणक ‘विंडोज ७’चे होते आणि त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, लोकांनी ती बसविली नव्हती इतकेच. तात्पर्य, प्रणाली जुनी असणे हा गुन्हा नव्हे. ती डागडुजीविना ठेवून तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे हा मात्र आत्मघात आहे.

तथापि नवे ते पहिल्याच दिवशी घरात आणावे, असेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘विंडोज १०’ची एक सुधारित आवृत्ती आली आणि तिने काही ग्राहकांच्या साठविलेल्या फायलीच पुसून टाकल्या; कंपनीला तिचे वितरण थांबवावे लागले. तेव्हा चार-सहा महिने थांबणे हे शहाणपणच. पण ‘विंडोज ११’ आली ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. तिच्या बाबतीत ‘थोडे थांबू’ ही सबब आता पुरत नाही.

आमची तक्रार वेगळीच आहे. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे २०१७ च्या सुमारास पदरमोड करून घेतलेले, आजही धडधाकट चालणारे यंत्र कंपनीच्या लेखी बाद! एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव मुदत कंपनीने देऊ केली, पण तीही ३० डॉलर मोजून, कंपनीची बक्षीस-गुणांकने खर्चून किंवा आपल्या मांडणीची नक्कल तिच्या कोठारात ठेवण्याच्या अटीवर. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठविताच तेथे ही अट सैल झाली. युरोपच्या ग्राहकाला जे मिळते ते मडगाव-म्हापशाच्या ग्राहकाला का मिळू नये? पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य किती, हे विकणाऱ्याने परस्पर ठरवावे आणि आपण मान तुकवावी, ही सवय आम्हांला फार जुन्या काळाची आठवण करून देते.

असो. ज्यांचे यंत्र नव्या प्रणालीस पात्र आहे त्यांनी बदल करावा, पण मुहूर्त पाहून. येथे मुहूर्त पंचांगातला नव्हे. मुलांच्या परीक्षा चालू असता किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात हे काम काढू नये. आणि मृगाच्या सरी सुरू झाल्यावर तर नकोच, कारण आपल्याकडची वीज केव्हा दगा देईल याचा नेम नाही, आणि अर्ध्यावर तुटलेले काम निस्तरणे कठीण. आधी सर्व कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती उघडतात की नाही हे पाहावे. रुळली नाही तर जुन्या प्रणालीकडे परतण्यास साधारणतः दहा दिवसांचीच सवलत असते. तेवढ्यात प्रिंटरपासून सारे तपासून घ्यावे. ज्यांचे यंत्र अपात्र ठरले त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली एकदा अवश्य पाहावी. पत्रे लिहिणे, बातम्या वाचणे आणि बँकेचे संकेतस्थळ उघडणे एवढ्यासाठी ती पुरेशी आहे.

मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या देवस्थानांचे अहवाल, नाट्यमंडळांच्या स्मरणिका, कुणाच्या आजोबांच्या आठवणी अशा कितीतरी गोष्टी निरनिराळ्या खाजगी टंकांत जुळविल्या गेल्या. तो टंक किंवा त्याचा कार्यक्रम नव्या प्रणालीवर बसला नाही, तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसती चिन्हे उमटतात. असे लेखन असेल त्या संगणकाची इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणून होईपर्यंत तो संगणक कुणालाही देऊ नये, मग दुकानदार बदल्यात कितीही सूट देवो.