घोडीच्या वेदनेवर चाबकाचा इलाज!

ज्या महाराष्ट्राच्या स्वारांनी भीमथडीच्या तट्टांवर मांड ठोकून उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, ज्या महाराष्ट्रात रिंगणात धावलेल्या अश्वाच्या टापांखालची माती वारकरी आजही भक्तिभावाने कपाळी लावतात, ज्याला जेजुरीचा मल्हारी घोड्यावाचून डोळ्यांपुढेच येत नाही, त्याच महाराष्ट्रात उन्हाळी सुट्टी लागली, लग्नसराई भरात आली, की माथेरानच्या तांबड्या वाटांपासून गावोगावच्या वरातींपर्यंत, तंग आवळताच कान मागे पाडून दात दाखवणारी घोडी ‘खोडकर’ ठरते आणि तिच्या अंगावर चाबूक ओढला जातो. तिचे काय दुखते, हे कोणी पाहत नाही.

दिवस मोठा होऊ लागला की घोडीचे ऋतुचक्र नियमित सुरू होते. सुमारे २१ दिवसांच्या या चक्रात पाच ते सात दिवस ती माजावर असते. तिचे बीजांडकोश कमरेच्या मणक्यांखाली असतात आणि त्यांतली पक्व होणारी पुटिका साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठी फुगते. अनेक घोड्या हे दिवस विनातक्रार काढतात. पण काहींची कमर इतकी हळवी होते की खोगीर टेकताच त्या अंग चोरतात, किंचाळतात, शेपटी आपटतात, लाथा झाडतात, वारंवार मूत्रविसर्जन करतात. निसर्गाने तिला दिलेला हा काळ आणि आपल्या मौजेचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात, आणि ज्या दिवसांत तिला विसावा हवा, त्याच दिवसांत तिच्या पाठीवर एकामागून एक पाहुणे चढवले जातात. हा छळ आहे.

‘माज आलाय, दुसरे काय!’ हे उत्तरही तितकेच बेजबाबदार. जठरातला व्रण, खोगिराने सोललेली पाठ, दुखरा खूर, क्वचित बीजांडकोशातली गाठ, यांपैकी काहीही त्याच लक्षणांमागे दडलेले असू शकते. तीन-चार चक्रांच्या तारखा वहीत टिपल्या, पशुवैद्यकाने तपासले, सोनोग्राफी केली, की उलगडा होतो. त्रास खरोखर चक्राचाच निघाला तर त्यावर अल्ट्रेनोजेस्टसारखे संप्रेरक आहे. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यायचे आणि हातमोज्यांशिवाय हाताळायचे नाही, गर्भवती स्त्रीने तर त्याला स्पर्शही करायचा नाही. गर्भाशयात काचेची गोटी ठेवण्याचा उपाय मध्यंतरी परदेशांत गाजला. गोट्या आत फुटल्याचे आढळल्यावर जाणते पशुवैद्यक त्यापासून दूर झाले. शास्त्र आपल्या चुका सुधारते. प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्राचा वारसा सांगणारा आपला समाज मात्र चाबूक सोडायला तयार नाही!

आणि कायदा? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला मारणे आणि आजार, जखम वा अन्य कारणाने असमर्थ झालेल्या जनावराला कामाला जुंपणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामावर बंदी घातली. कायद्यातला असा गुन्हा पहिल्यांदा केला तर दंड किती? दहा ते पन्नास रुपये! मुक्या जिवाच्या यातनेच्या या किमतीची कमाल मर्यादा साठ वर्षांहून अधिक काळ बदलली नाही, आणि ती बदलावी म्हणून लोकप्रतिनिधींची झोप उडाल्याचे आम्हाला कधी दिसले नाही. याची लाज वाटायला हवी.

घोडेवाल्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. ज्याचे वर्षाचे पोट दोन महिन्यांच्या हंगामावर चालते, त्याने ऐन मे महिन्यात घोडी पाच दिवस कोणाच्या भरवशावर बांधून ठेवावी? आपला भार तिला झेपतो का हे न विचारता छायाचित्रासाठी तिच्यावर चढणारा पर्यटक दोषी आहे, ती फुरफुरताच ‘मार तिला’ म्हणणारा वऱ्हाडी दोषी आहे, आणि सर्वांत मोठी दोषी आहे ती परवान्याचे शुल्क घेऊन तिच्या प्रकृतीकडे पाठ फिरवणारी व्यवस्था. माथेरानात पाऊल टाकणारा पाहुणा प्रवासी कर भरतो. त्या पैशातून हंगामभर पशुवैद्यक आणि सोनोग्राफीचे यंत्र डोंगरावर ठेवा, घोडी विश्रांतीला बांधली त्या दिवसांची मजुरी मालकाला द्या, आणि प्रत्येक घोडीची आरोग्यवही तपासल्यावाचून पुढचा परवाना देऊ नका.