खजुरीच्या नाक्यापलीकडची तपासणी

आळंदहून उमरग्याला जाणारी बस खजुरीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात शिरते. दोन्ही बाजूंना माती काळीच, तूर तीच. पाट्यांवरची लिपी तेवढी बदलते. ही रेघ १ नोव्हेंबर १९५६ ला पडली. त्याआधी आळंद आणि उमरगा दोन्ही हैदराबाद राज्यात होते. आमच्याकडच्या सोयरिकी ती रेघ अजून मानत नाहीत. माझ्या आईला आळंद तालुक्यात दिलं आणि धाकट्या मावशीला उमरगा तालुक्यात.

आईची पिशवी वयाच्या चौतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. आधी गावातल्या म्हातारीचा काढा झाला, मग अशोकारिष्टाच्या बाटल्या झाल्या. शेवटी एका खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आठ दिवसांत ऑपरेशन झालं आणि त्या वर्षीच्या तुरीचे पैसे त्यात गेले. पिशवीच्या तोंडाचा एकही नमुना कुठे तपासायला पाठवला नव्हता. काढलेली पिशवीसुद्धा तपासली गेली नाही. आईला कॅन्सरचा धोका होता की नव्हता हे आम्हाला कधीच कळणार नाही.

मावशीचं वेगळं झालं. "बाया आल्त्या बघ बार्शीच्या दवाखान्याच्या," ती सांगते. "पडदा लावला, कापसाचा बोळा लावल्यागत केलं. दुखलं न्हाई." तपासणी नेमकी कोणती होती ते तिला आठवत नाही. चिठ्ठी मात्र पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली आहे. "काही दोष नाही" एवढंच त्यावर लिहिलेलं आहे. मावशीची पिशवी आजही जागेवर आहे.

मावशी ज्या कामात सामील झाली ते जगातल्या कॅन्सर संशोधनातलं एक मोठं काम होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. आळंदलाही कुणी सांगितलं नाही. म्हणून आज या सदरात ते सांगते.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीनं १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली खेडी तिच्यात होती. कोणत्या गावात कुणाला कोणता कॅन्सर झाला हे माणसं घरोघर फिरून लिहीत. त्या वह्यांतून दिसलं की इकडच्या बायकांमध्ये पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर फार आहे आणि बाई दवाखान्यात पोचते तेव्हा तो पुढे गेलेला असतो. डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी नुसती माहिती द्यायला सुरुवात केली. मासिक पाळी गेल्यावर रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, तर थांबू नका, एवढंच गावोगाव सांगितलं. तेवढ्यानंसुद्धा बायका लवकर येऊ लागल्या आणि आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. हे त्यांनी १९९५ मध्ये छापून दाखवलं.

मग मोठं काम १९९९ मध्ये सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑनच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, टाटा मेमोरियल आणि बार्शी यांनी मिळून मावशीचा उस्मानाबाद जिल्हा निवडला. आता त्याचं अधिकृत नाव धाराशिव आहे. खेड्यांचे ५२ गट केले आणि कोणत्या गटात कोणती तपासणी करायची हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्यात पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते पाहिलं. चौथ्या भागात तपासणी केली नाही. तिथे नेहमीची व्यवस्था होती तीच राहिली. दोष सापडलेल्या बाईला पुढची तपासणी आणि उपचार मिळाले. मग आठ वर्षं पाहिलं.

निकाल २ एप्रिल २००९ ला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ गेल्या. पुढे गेलेला आजार पहिल्या गटात ३९ जणींत सापडला, न तपासलेल्या गटात ८२ जणींत. आयुष्यात एकदा घेतलेल्या एका नमुन्यानं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. बाकी दोन तपासण्यांनी त्या जिल्ह्यात तसा ठळक फरक दाखवला नाही. त्याच अंकातल्या संपादकीयाचा सूर असा होता की चांगला मार्ग भारतातून जगाकडे चालला आहे.

या चाचणीत खुबी काय आहे? पॅपमध्ये पेशी डोळ्यांनी वाचाव्या लागतात. वाचणारा कुशल हवा आणि ते काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. ॲसिटिक ॲसिडचा डागही डोळ्यांनीच ओळखायचा असतो. एचपीव्हीची चाचणी विषाणूचा डीएनए शोधते, आणि या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी हाच विषाणू असतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये कॅन्सरच्या पेशींत एचपीव्ही १६ दाखवला, त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारण होतात. हा विषाणू संबंधातून येतो, आणि आमच्याकडे गोष्ट इथेच अडते. चाचणी सकारात्मक आली म्हणजे बाईनं किंवा नवऱ्यानं काही केलं, असा अर्थ लोक लावतात. तो चुकीचा आहे. संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी भेटतो आणि वर्षा-दोन वर्षांत शरीर तो घालवतं. थोड्या बायकांमध्ये तो ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं लागतात. तीस वय ओलांडल्यावर चाचणी करायची ती एवढ्यासाठी. खूण सापडली तर तोंडावरचा बिघडलेला भाग गोठवून किंवा तापवून काढतात. पिशवी ठेवता येते.

आता त्या ६४ बायकांबद्दल. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर नंतर बरीच टीका झाली. पॅपनं जीव वाचतात हे श्रीमंत देशांना आधीच ठाऊक होतं, मग इथे तुलनेसाठी बायकांना तसंच का ठेवलं, असा टीकाकारांचा प्रश्न होता. काम करणाऱ्यांचं म्हणणं होतं की या भागात कुणालाच कुठली तपासणी मिळत नव्हती, तीच परिस्थिती तुलनेला धरली. मला टीकाकारांचा प्रश्न खरा वाटतो आणि निकालाचं मोलही मान्य आहे. दोन्ही एकत्र मानलं की हाती एक देणं उरतं. ज्यांच्या मृत्यूंच्या मोजदादीतून जगाला उत्तर मिळालं, त्यांच्या गावांत आणि त्या गावांसारख्या गावांत ते उत्तर सर्वांत आधी पोचायला हवं. आळंद त्या गावांसारखंच आहे. शेती तीच, गरिबी तीच, बाईची लाजही तीच.

जगानं उत्तर उचललं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही डीएनए चाचणीच पहिली म्हणून सांगितली. पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा अशी तपासणी १०० पैकी ७० बायकांची व्हावी, हे २०३० साठीचं उद्दिष्ट आहे. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी कधीतरी तपासणी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या आजाराच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू आहेत. सरकारनं २०१६ मध्ये ॲसिटिक ॲसिडची तपासणी स्वीकारली. तिला मी नावं ठेवणार नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये परिचारिकांनी ती करून मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी केले, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं ३१ टक्क्यांनी. पण दोन्हीकडे बायका शिकवून तयार केल्या होत्या, त्यांच्या कामावर लक्ष होतं आणि मुंबईत दर दोन वर्षांनी पुन्हा तपासलं जात होतं. नुसता कागदावरचा आदेश तेवढं करू शकत नाही.

तपासणी नसते तिथे भीती राहते, आणि भीतीवर धंदा उभा राहतो. २०१५ मध्ये आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात लंबाणी तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांतल्या बायकांच्या पिशव्या किरकोळ तक्रारींवर काढल्याचं उघड झालं. कित्येकींना "कॅन्सर होईल" म्हणून सांगितलं होतं. राज्य महिला आयोगानं चौकशी केली. बीडमध्ये २०१९ ला ऊसतोड कामगार बायकांचं तेच समोर आलं. तिथे ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आईची कहाणी मी एकटीची समजत होते, तो आकडा वाचला त्या दिवशी ती समजूत गेली.

झाडपाल्याबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्याकडची पहिली वाट तीच आहे. झाडात औषध असतं यावर माझा विश्वास आहे, आणि त्याला आधारही आहे. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करत होते. या दोघांच्या प्रयोगशाळेनं १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना मांडली. १९७२ च्या सुमारास मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं. टॅक्सॉल बाजारात यायला १९९२ उजाडलं. कॅम्प्टोथेसिन आधी विषारी म्हणून बाजूला पडलं, मग त्यात बदल करून टोपोटेकान झालं. आज पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरला की डॉक्टर सिस्प्लॅटिनबरोबर टॅक्सॉल देतात, टोपोटेकानही देतात. म्हणजे नंदुरबारच्या माणसाच्या शोधांतून आलेली दोन्ही औषधं आमच्या बायकांच्या शिरेत जातात. पण तोवर उशीर झालेला असतो, आणि बहुतेकींना त्यातून मिळतात ते महिने.

या औषधांना सिद्ध व्हायला वीस-तीस वर्षं परीक्षा द्यावी लागली. म्हातारीच्या काढ्यालाही तीच परीक्षा लावा एवढंच माझं मागणं आहे. काढ्यानं बरं वाटत असेल तर घ्यावा. पण पांढरं जाणं महिनोन्महिने थांबत नसेल, मधूनच रक्त दिसत असेल, तर काढा चालू असतानाच तपासणी व्हायला हवी. बाटल्या संपायची वाट पाहू नये.

लसीतही बार्शी आहे. सप्टेंबर २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी मुलींना एचपीव्ही लस देऊन पाहायचं काम सुरू झालं, त्यातलं एक ठिकाण बार्शी. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं होतं. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्या एका लसप्रकल्पात मुलींच्या मृत्यूंवरून वाद उठला. मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमती घेण्यातले गंभीर दोष खरे निघाले. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं अभ्यासातलं लसीकरणही थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ पासून एक डोसही तेवढंच राखतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यांत या मुली आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लसीलाही देशात परवानगी मिळाली.

लस मुलींसाठी. आज तीस ओलांडलेल्या बायकांना चाचणीच लागणार, आणि ती आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगासाठी ठिकठिकाणच्या सरकारी दवाखान्यांत पोचलं आहे. त्याच यंत्रावर एचपीव्हीचीही चाचणी होते. नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतः घेऊ शकते, लाजेचा मोठा भाग तिथेच सुटतो. आळंदच्या तालुका दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस यासाठी ठेवावा. आशाताईंनी तांडे आणि वाड्या धराव्यात, खूण सापडलेल्या बाईला पुढच्या उपचाराची तारीख त्याच दिवशी हातात द्यावी. आणि एक नियम करावा : पिशवी काढण्याआधी तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय कोणत्याही योजनेतून ऑपरेशनचे पैसे मिळू नयेत. तो कागद कन्नडमध्ये असो की मराठीत.

माझी वहिनी अडतीस वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात चुलीपाशी हळूच म्हणाली, "ताई, मलाबी तसंच होतंय. पण आईंसारखं नको मला." आई पलीकडे शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी तपासून आणा तिला." तुरीची रास झाली की आम्ही दोघी कलबुर्गीला जाणार आहोत. बस सकाळी साडेसातची आहे.