हेराची गोष्ट कोठे थांबवावी?

हेराची गोष्ट सांगणाऱ्यापुढे नेहमीच एक पेच असतो. हेर जितका कुशल, तितके त्याच्याविषयीचे कागद कमी; आणि कागद जितके कमी, तितकी गोष्ट रंगण्यास वाव अधिक. आपल्याकडे बहिर्जी नाईकांच्या बाबतीत हे झालेच आहे. परंतु कादंबरीकार कादंबरी लिहितो आहे, हे निदान वाचकास ठाऊक असते. अंगावर त्या काळचा वेश चढवून ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या कथकाचे काय, हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो.

अमेरिकेतील विल्यम्सबर्ग हे या कलेचे मोठे पीठ. व्हर्जिनियाच्या या जुन्या राजधानीचे अठराव्या शतकातील रूप १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशातून पुन्हा उभे राहिले. तेथे वेशधारी कथक रस्त्यात भेटतात आणि स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत आपलीच म्हणून सांगतात. हेरकथांना अर्थातच मागणी फार. (हेर हा मुळात बहुरूपी, त्याचे सोंग घेणे म्हणजे सोंगाचे सोंग.)

पण या कथांत कागद किती? वॉशिंग्टनसाठी १७७८ पासून न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या कल्पर मंडळाचे उदाहरण घ्या. अ‍ॅना स्ट्राँग ही स्त्री वाळत घातलेल्या कपड्यांतून खुणा करी, ही कथा सर्वतोमुखी आहे. समकालीन पुरावा मात्र नाही. ‘३५५’ ही गूढ हेरस्त्री तर त्याहून नवलाची. मंडळाच्या सांकेतिक कोशात ३५५ या आकड्याचा अर्थ केवळ ‘स्त्री’ असा होता. पुढील लेखकांनी त्या आकड्याला प्रेम दिले, कारावास दिला, मृत्यूही दिला.

अशा जागी कथकाने काय करावे? आमच्या मते, नारदीय कीर्तनकार करतो ते. आख्यानात तो घटकाभर राजा होतो, दूत होतो, आणि पुढच्याच वाक्यात बुवा म्हणून श्रोत्यांकडे वळतो. भूमिकेतून बाहेर येण्याचा संकोच त्याला नसतो. वेशधारी कथकास मात्र भूमिका मोडणे हा कलेतील दोष वाटतो, आणि म्हणून ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत.

याहून गंभीर प्रश्न गोष्ट कोठे थांबवावी हा आहे. जेम्स हा विल्यम आर्मिस्टेड यांचा गुलाम. १७८१ मध्ये लाफायेत या फ्रेंच सेनानीसाठी तो कॉर्नवॉलिसच्या छावणीत शिरला; इंग्रजांना तो आपलाच हेर वाटत होता. ऑक्टोबरात यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले. टाळ्यांची जागा हीच, आणि कथन येथे थांबवण्याचा मोह स्वाभाविक आहे. जेम्स मात्र विजयानंतर पुन्हा गुलामगिरीतच परतला. मालकाऐवजी सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा व्हर्जिनियाने १७८३ मध्ये केला. पण हेर म्हणजे सैनिक नव्हे. १७८४ मध्ये लाफायेतने प्रशस्तिपत्र लिहून दिले, १७८६ मध्ये जेम्सने विधिमंडळाकडे अर्ज केला, आणि १७८७ च्या जानेवारीत तो सुटला. म्हणजे विजयानंतर पाच वर्षांहून अधिक काळ. ज्या गुप्ततेमुळे त्याची गोष्ट आज रंगते, तिनेच त्याला कायद्याबाहेर ठेवले. ही पाच वर्षे गाळणारा कथक, प्रत्येक वाक्य खरे बोलूनही, आम्हांस अप्रामाणिक वाटतो.

ती सांगणे जड आहे, हे मान्य. विल्यम्सबर्गमध्येच ऑक्टोबर १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला, तेव्हा निषेध झाला होता. तरीही तो प्रसंग झाला.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण आम्हां भाषेच्या शिक्षकांना ती दुर्लक्षिता येत नाही. ‘लाफायेत’ हे नाव जेम्सने सुटकेनंतर घेतले. अर्जात तो आर्मिस्टेड यांचा गुलाम जेम्स, इतकाच आहे. १७८१ च्या वेशात उभा असलेला कथक ‘मी जेम्स लाफायेत’ असे म्हणूच शकत नाही. तेवढ्यापुरते तरी त्याला वेशातून बाहेर यावे लागेल.