ताटे मोजून गरिबी कळत नाही



शाळेत किती पोरे फुकट जेवतात ते मोजा, म्हणजे किती पोरे गरीब ते कळेल, असे शहाणी माणसे सांगतात. ही मोजपट्टी अमेरिकेची. तिथे १९४६ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. पुढे घरची मिळकत बघून कोणाला जेवण फुकट, कोणाला कमी दरात, असे ठरले. ती पोरे मोजली की शाळेची गरिबी निघाली! २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना सरसकट फुकट जेवण देण्याची मुभा मिळाली आणि तिथली मोजपट्टीही निकामी होऊ लागली.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला योजना आली. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने धान्य नको, शिजवलेले अन्न द्या, म्हणून बजावले. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीपर्यंत सरपंचाचे पोर आणि सालगड्याचे पोर एका पंगतीला बसते. हे बरेच आहे. दाखला बघून घास वाढू लागले, तर लाजेने उपाशी उठणारे पोर आपलेच असेल.

पण पंगतीत बसायला पटावर नाव लागते. हिंजवडीला जाऊन बघा. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींशेजारी नवे मजले चढताहेत. तिथे विटा-वाळू वाहणाऱ्यांत कपाशी-ज्वारीचे रान सोडून आलेली जोडपी भेटतात. पोर पत्र्याच्या खोलीत धाकट्याला सांभाळते. गावच्या पटावर नाव आहे, तिथे ताट रिकामे. हिंजवडीत पोर आहे, तिथे पटावर नाव नाही. सगळ्यांत गरीब पोर कोणत्याच मोजणीत नाही! मग साहेब कागदावर कोणाची गरिबी मोजतात?

आम्हाला खरी मोजणी हवी. प्रत्येक गावाने शाळेत जाऊन विचारावे: जूनमध्ये पटावर किती होती? दिवाळीनंतर पंगतीला किती उरली? मधली पोरे कुठे गेली? २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कामावर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला हे सांगून पाठवा.

आणि एक विसरू नका. ताटातला भात ही कोणाची मेहरबानी नाही. कपाशीला आणि ज्वारीला घामाचे दाम मिळाले असते, तर हे पोर आईच्या चुलीवरची भाकरी खाऊन गावच्याच शाळेत बसले असते.