दोनशे भगदाडं सापडली, पुढे काय? पेन-टेस्टिंगच्या धंद्यात आधी कशाला हात घालायचा



सायबर सिक्युरिटी सर्व्हिस सुरू करण्यावरच्या व्हिडिओत मी रेट, जीएसटी, पहिला क्लायंट कसा मिळवायचा हे सगळं बोललो. पण एक गोष्ट राहिली, आणि ती रेटपेक्षा महत्त्वाची आहे. ती लिहूनच सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

तुमच्यातले बरेच जण इथिकल हॅकिंगचा कोर्स करून आलेले आहात. स्कॅनर चालवता येतो, मेटास्प्लॉइट माहीत आहे. आता वाटतं की एमआयडीसीतल्या चार कंपन्यांची कामं घेतली की धंदा सुरू. बरोबर आहे, मार्केट आहे. पण क्लायंट पैसे कशाचे देतो, हे नीट समजून घ्या.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाला पहिलं काम मिळालं. भोसरीतलं पंचवीस माणसांचं मशीनिंगचं युनिट. त्याने मला फोन केला, "सर, स्कॅनमध्ये दोनशेच्या वर गोष्टी निघाल्यात, कुठून सुरू करू?" मी घाईत होतो. म्हणालो, "वरून सुरू कर, ज्याचा स्कोअर जास्त ते आधी. आणि प्रत्येकाचा पुरावा घे, म्हणजे मालकाला पटेल."

त्याने तेच केलं. यादीत वर विंडोज ७चा एक जुना पीसी होता, त्यावर इटर्नलब्लूचं भगदाड उघडं. त्याने एक्स्प्लॉइट चालवला. पीसी निळा पडला. नेमका त्याच पीसीवरून सीएनसी मशीनला प्रोग्रॅम जायचे. पीसी परत सुरू झाला, पण प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर काही उघडेना. अर्धी सेकंड शिफ्ट बसून. मालक म्हणाले, "दार उघडं आहे का ते बघायला सांगितलं होतं बाळा, तू तर दारच काढलंस." बिल अर्धंच मिळालं, आणि त्या मालकांच्या ओळखीतली पुढची दोन कामं गेली ती गेलीच.

आणि गंमत म्हणजे खरा धोका यादीत खाली एकसष्टाव्या ओळीवर 'मीडियम' म्हणून बसला होता. अकाउंटंट घरून टॅली बघायच्या, म्हणून त्यांच्या पीसीचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं ठेवलेलं होतं. पासवर्ड? कंपनीचं नाव आणि पुढे १२३. तिथपर्यंत तो पोचलाच नाही. माझ्या सल्ल्यामुळे.

त्यामुळे आता माझं मत स्पष्ट आहे. या धंद्यात भगदाडं शोधायला स्कॅनर पुरतो. तुमची किंमत क्रम लावण्यात आहे. कुठलं आधी तपासायचं, कुठलं नुसतं नोंदवायचं आणि कुठल्याला हातच लावायचा नाही, हे ठरवण्याचे पैसे तुम्हाला मिळतात.

आता हा स्कोअर काय असतो ते बघू. सीव्हीएसएस नावाची ० ते १० गुणांची पद्धत आहे, फर्स्ट नावाची आंतरराष्ट्रीय संस्था ती सांभाळते. ९ किंवा त्याच्या वर म्हणजे क्रिटिकल. हा आकडा भगदाड किती वाईट आहे ते सांगतो. कोणी त्यातून खरंच शिरतंय का, आणि तुमच्या क्लायंटकडे त्या भगदाडामागे काय ठेवलंय, हे सांगत नाही. २०१४चं हार्टब्लीड आठवा. सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्ड, अगदी एनक्रिप्शनच्या खासगी किल्ल्यासुद्धा गळत होत्या. जगभर धावपळ झाली. तेव्हाच्या पद्धतीत त्याला गुण मिळाले होते ५. म्हणजे मीडियम! वरून खाली जाणारा आमचा मुलगा तिथेही उशिराच पोचला असता.

उलटं उदाहरण ब्लूकीप. २०१९चं, गुण ९.८. आता जगभर पसरणारा वर्म येणार अशी सगळ्यांना भीती. तसा वर्म काही आला नाही. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जे हल्ले झाले, ते एका संशोधकाने सापळा म्हणून लावलेली मशीन सारखी क्रॅश व्हायला लागली म्हणून उघडकीला आले. म्हणजे हल्लेखोरांनाही तो एक्स्प्लॉइट धड चालवता येत नव्हता. आणि तो तुम्ही क्लायंटच्या चालू सर्व्हरवर मारणार? पॅच करायला जरूर सांगा, पण चालवून दाखवू नका.

मग क्रम कसा लावायचा? दोन गोष्टी फुकट उपलब्ध आहेत आणि तरी नवीन मुलं त्या उघडत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. पहिली म्हणजे अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेची केईव्ही यादी. नोव्हेंबर २०२१पासून सुरू आहे. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली गेलेली भगदाडंच त्यात येतात. जगात नोंदलेली भगदाडं दोन लाखांच्या वर आहेत, ही यादी मात्र हजारांतच आहे. रॅन्समवेअरवाल्यांनी कुठलं वापरलंय तेही त्यात लिहिलेलं असतं. दुसरी म्हणजे ईपीएसएस, तीही फर्स्टचीच. एखाद्या भगदाडाचा पुढच्या ३० दिवसांत गैरवापर होण्याची शक्यता किती, याचा आकडा ती रोज देते. तुमची दोनशेची यादी या दोन चाळण्यांतून काढा. बहुतेक वेळा हातात मोजकीच उरतात.

पण तिथे थांबू नका, कारण या चाळण्यांना तुमच्या क्लायंटचं दुकान माहीत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागतं, आणि स्कॅनर लावायच्या आधी विचारावं लागतं. चहा घेत मालकांना विचारा, "साहेब, कुठला कॉम्प्युटर दोन दिवस बंद पडला तर धंदा थांबेल?" उत्तर लिहून घ्या. कुणाकडे तो टॅलीचा असतो, कुणाकडे ड्रॉइंगचा, दवाखान्यात पेशंटच्या रेकॉर्डचा. इंटरनेटवरून दिसणारी आणि या मशीनपर्यंत नेणारी वाट सगळ्यात आधी. आतल्या कोपऱ्यातला जुना प्रिंटर, गुण कितीही असोत, नंतर. आणि दोन मीडियम जोडून एक मोठी वाट होते का तेही बघा. स्कॅनर प्रत्येक ओळ सुटी मोजतो, चोर मात्र त्या जोडतो.

आता एक्स्प्लॉइट चालवायची वेळ आली असं धरू. मेटास्प्लॉइटमध्ये प्रत्येक एक्स्प्लॉइटला भरवशाची रँक दिलेली असते. 'एक्सलंट' म्हणजे सर्व्हिस क्रॅश होणार नाही अशा प्रकारचा, मग ग्रेट, गुड, नॉर्मल, ॲव्हरेज, लो आणि शेवटी मॅन्युअल. इटर्नलब्लूच्या मॉड्यूलची रँक काय आहे माहीत आहे? ॲव्हरेज. ब्लूकीपची मॅन्युअल. हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं हो! आमच्या मुलाने वाचलं नाही, आणि मी त्याला वाचायला सांगितलं नाही. शिवाय इटर्नलब्लूचं भगदाड आहे की नाही हे नुसतं तपासणारं वेगळं मॉड्यूल त्याच टूलमध्ये आहे, ते आत शिरत नाही. तेवढा पुरावा मालकांना पुरला असता.

इंटरनेटवरून उचललेला एक्स्प्लॉइटचा कोड ओळ न् ओळ न वाचता क्लायंटकडे चालवायचा नाही. 'नवीन एक्स्प्लॉइट' म्हणून टाकलेल्या कोडमध्येच व्हायरस निघाल्याची प्रकरणं झालेली आहेत. आधी घरी व्हर्च्युअल मशीनवर, मग बाहेर. आणि तारीख बघा. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास अकाउंटच्या मशीनला हात नाही, मार्चअखेरीला तर अजिबात नाही. कुठल्या मशीनवर, किती ते किती वाजेपर्यंत, काय करणार, हे लेखी घ्या, मालकांची सही घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६खाली गुन्हा ठरू शकतो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. "मी मदतच करत होतो" या भरवशावर राहू नका. क्लायंटची वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवर असेल, तर तो सर्व्हर क्लायंटचा नाही हेही लक्षात ठेवा.

काही जण म्हणतील, सर, इटर्नलब्लू जुनं झालं, ते कशाला उगाळता? कारण त्यात एक गोष्ट अजून शिकण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला १४ मार्च २०१७ला. १२ मे रोजी वॉनाक्राय आलं, २७ जूनला नॉटपेट्या. नॉटपेट्याने मर्स्क कंपनीची यंत्रणा पाडली आणि त्याचा फटका इथे आपल्या जेएनपीटीच्या एका टर्मिनललाही बसला. पॅच येऊन तीन महिने झाले होते! आणि नॉटपेट्या फक्त भगदाडावर चालत नव्हतं. एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलून ते पॅच केलेल्या मशीनवरही जायचं. म्हणून मी सांगतो, क्रम लावताना एक्स्प्लॉइटच्याही आधी पासवर्ड, उघडं रिमोट डेस्कटॉप आणि सगळ्यांना खुलं असलेलं बॅकअपचं फोल्डर बघा. यात हॅकिंगची मजा नाही, मान्य. पण भोसरीच्या मालकांचं घर तिथूनच लुटलं गेलं असतं.

बाजारात दुसरा माणूस स्कॅनरचं ९० पानी प्रिंट तुमच्या निम्म्या रेटमध्ये देईल. काही मालकांना जाड फाइल आवडते. त्यांना तिकडे जाऊ द्या. तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी हव्यात, मराठीत, मालकांना कळतील अशा. सोमवारी काय बंद करायचं, या महिन्यात काय बदलायचं, आणि काय मुद्दाम तपासलं नाही व का. तिसरी गोष्ट लिहायला लाजू नका. उद्या काही झालं तर ते पान तुम्हाला वाचवेल. बाकी यादी मागे जोडा.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. बँका, सरकारी कार्यालयं अशा ठिकाणी बहुतेक वेळा सर्ट-इनच्या पॅनेलवरचाच ऑडिटर लागतो. सुरुवातीला ती कामं तुमची नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. वर्कशॉप, दवाखाने, क्लासेस, ट्रान्सपोर्टवाले यांच्यापासून सुरू करा.

तो मुलगा आज काय करतो, असं विचाराल. त्याच मालकांकडे तो महिन्याभराने परत गेला, फुकटात. रिमोट डेस्कटॉप बंद करून दिलं, अकाउंटंटबाईंना व्हीपीएन लावून दिला, आणि त्या विंडोज ७च्या पीसीला ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं काढलं. उरलेलं अर्धं बिल मिळालं नाही. वर्षाचं मेंटेनन्सचं काम मात्र मिळालं.