आडवा उजेड



मागच्या अंकातला अलिबागच्या दगडाचा फोटो बघून तिघाचौघांनी विचारलं, "आंटी, कॅमेरा कुठला?" खरं सांगू का, कॅमेरा अगदी साधा, पर्समध्ये मावणारा. मुलाने 2006 मध्ये घेऊन दिलेला. त्याच कॅमेऱ्याने त्याच वर्षी मी त्याच दगडाचे अकरा फोटो काढले होते आणि अकराही फुकट गेले होते. मधल्या वर्षभरात काय बदललं, तर मी पुस्तकं वाचली. ती गोष्ट आज सांगते.

मुलगा तेव्हा वाल्डॉर्फला नोकरीला. हायडेलबर्गच्या दक्षिणेला हे लहानसं गाव. सॅप कंपनीचं मुख्य ऑफिस इथे, म्हणून आपली मराठी पोरंही इथे सापडतात. अॅस्टर नावाचा अमेरिकेतला मोठा धनाढ्य 1763 मध्ये इथेच जन्मला, आणि न्यूयॉर्कच्या वाल्डॉर्फ हॉटेलाचं नाव या गावावरून आलं. बाकी दिवसभर शांतता. मुलगा-सून कामाला गेले की मी आणि घड्याळ. म्हणून नगरवाचनालयाची वाट धरली.

तिथे डिजिटल फोटोग्राफीच्या पुस्तकांचा एक अख्खा कप्पा. हायडेलबर्गमध्येच डीपुंक्ट नावाचे प्रकाशक आहेत, त्यांची या विषयावरची पुस्तकं नावाजलेली. पण जर्मन मला येतंय कुठे! चित्रं बघायची, आकडे उतरवून घ्यायचे आणि रात्री जेवताना मुलाचं डोकं खायचं, असा माझा अभ्यास. मग त्याने ब्रायन पीटरसनचं 'अंडरस्टँडिंग एक्स्पोझर' इंग्रजीतून मागवून दिलं. हे पुस्तक पहिल्यांदा आलं 1990 मध्ये, म्हणजे फिल्मच्या काळात. पुढे डिजिटलसाठी सुधारलं. यातच मला पहिला धडा मिळाला. कॅमेऱ्याबरोबर येणारी पुस्तिका बटण कुठे आहे ते सांगते. ते का दाबायचं ते चांगलं पुस्तक सांगतं.

आकड्यांची भीती कशी गेली तेही सांगते. कॅमेऱ्याच्या भोकाला, म्हणजे अॅपर्चरला, 4, 8 असे आकडे असतात, आणि आकडा मोठा तर भोक लहान. हे मला काही केल्या पटेना. मुलगा म्हणाला, "मम्मी, तो आकडा भागाकाराचा आहे." म्हणजे 4 म्हणजे पाव आणि 8 म्हणजे अर्धपाव! अर्धपाव पावापेक्षा लहानच असणार. बाजारात उभं आयुष्य घालवलेल्या बाईला हे आधीच कुणी सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही, काळंही कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. म्हणून पांढरा संगमरवर मळकट येतो आणि काळा दगड राखेसारखा. उपाय म्हणजे अधिक-उणे खुणेचं बटण. पांढऱ्याला अधिक एक, काळ्याला उणे एक. मोबाइलवाल्यांनी पडद्यावर बोट टेकवून ते वर सरकवून बघावं, बहुतेक फोनांत तसंच होतं.

पण माझं काम झालं ते तिसऱ्या धड्याने. कोरलेलं किंवा उठावाचं काही असेल तर समोरून उजेड टाकायचा नाही. बाजूने टाकायचा, इतका आडवा की दगडाला चाटून गेला पाहिजे. मग प्रत्येक खाचेत सावली बसते आणि अक्षर उभं राहतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नेमका उलटं करतो, सगळ्या सावल्या पुसून टाकतो. माझे अकरा फोटो मेले ते यामुळेच.

सराव कुठे करायचा? वाल्डॉर्फला आपल्या लोकांचं एक कब्रस्तान आहे. त्याहून जुनी मयतं शेजारच्या वीस्लोखला. गावात 1861 पासून सिनेगॉगही होतं, आपण ज्याला मशीद म्हणायचो ते. नोव्हेंबर 1938 मध्ये त्याची नासधूस झाली. आणि 22 ऑक्टोबर 1940 ला सगळ्या बाडेन प्रांतातले यहुदी एका झटक्यात उचलून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेले, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं, बाडेन आणि शेजारचा भाग धरून. त्यातली पुष्कळ पुढे ऑशविट्झला गेली. तर या दगडांकडे नातवंडं-पतवंडं कुठून येणार? मी सकाळी सातला, ऊन तिरपं असताना जायची. पहिल्या दिवशी मनाला फार लागलं, परक्याच्या मयतावर आपण हात साफ करतोय असं. मग ठरवलं, जिचा फोटो घ्यायचा तिचं नाव आधी मोठ्याने वाचायचं आणि निघताना खडा ठेवायचा. दोन महिन्यांत हिब्रू वाचन मात्र चांगलं सुधारलं.

एक विनंती. अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, चुना, दाढीचा फेस काही फासू नका. आपल्याकडे सर्रास करतात. दगड खराब होतो. तारेच्या ब्रशने तर मुळीच घासू नका.

आता आजोबांचा दगड. अलिबागला संगमरवरी पाटी, वर हिब्रू, खाली मराठी. पण खालचा कोपरा फुटलेला, मराठी तारीख गेलेली. आजोबा वारले तेव्हा पापा चार वर्षांचे. घरात अझकाऱ्याचा दिवस आजीला तोंडपाठ होता, तिच्यामागे कुणाच्या लक्षात राहिला नाही. मग पापांच्या चुलत भावाने जाऊन दगड वाचला आणि सिद्दूरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: किस्लेवची आठ. तेव्हापासून पापा आठला दिवा लावायचे, कद्दीश म्हणायचे, जन्मभर.

डिसेंबर 2007 मध्ये मी परत गेले. पाटीचं तोंड उत्तरेला, हिवाळ्यात त्यावर ऊन येतच नाही. म्हणून पुस्तकातली युक्ती केली. भाच्याला कपाटाचा आरसा घेऊन रिक्षात बसवला. रिक्षावाला म्हणाला, "मयतीला आरसा कशाला?" भाचा उन्हात उभा राहिला आणि आरशातला कवडसा त्याने बाजूने पाटीवर टाकला. मी कॅमेरा तिपाईवर ठेवला, फ्लॅश बंद, अर्धपाव, अधिक एक, आणि बटण दाबताना हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

हिब्रूत 'हे' म्हणजे पाच आणि 'हेत' म्हणजे आठ. दिसायला बहिणी. फरक एवढाच की 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला चिकटत नाही, बारीक फट असते. कधीतरी कुणी तरी चांगल्या मनाने पाटीची अक्षरं काळ्या तेलरंगाने भरून घेतली होती. रंगाऱ्याला हिब्रू कुठून येणार, त्याने ब्रश सरळ वर ओढला. फ्लॅशमध्ये फक्त रंग दिसतो, म्हणून आठ. आडव्या उजेडात खाच दिसली, आणि खाच रेघेपर्यंत पोचतच नव्हती. रंग सपाट दगडावरून गेला होता.

पाच. भाच्याला म्हटलं, आरसा हलवू नको, अजून चार काढते. दुसऱ्या बाजूनेही उजेड टाकून पाहिला. पाचच.

लोदला भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पापांनी आठला म्हटलेलं कद्दीश काय पोचलं नाही?" मी म्हटलं, तसं कुठे म्हणतेय मी. फोटो मूळ आकारात त्याला पाठवला, एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली, एक कागदावर छापून सिद्दूरमध्ये, चुलत काकांच्या अक्षराशेजारी. काकांचं अक्षर खोडलं नाही.

भाऊ अजून आठलाच दिवा लावतो. मी पाचला लावते.